बाळ्याच्या आवाजातले फोन

घड्याळमामांचं दुकान मोबाइलने बुडवलं. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना समोरच्याच्या हातातल्या फोनकडे असं बघत की त्या बिचाऱ्याला तो खिशात लपवावासा वाटे. लोकांच्या मनगटावरून घड्याळं उतरली. जो तो वेळ फोनवर बघायला लागला. मामांनी बरेच दिवस माश्या मारल्या, मग एक दिवस शटर ओढलं, आणि डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, बारीक पेचकस असा सगळा संसार उचलून घरी आणला. खिडकीपाशी टेबल मांडलं. त्या टेबलावर आता काय करायचं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

ते काम त्यांना भाच्याने दिलं, तेही नकळत. तो आईला भेटायला आला होता आणि जाताना म्हणाला, "मामा, हा माझा जुना फोन कचऱ्यात टाकून द्याल का?"

"काय झालंय याला?"

"काही नाही. जुना झालाय."

"जुना तर मीही झालोय," मामा म्हणाले आणि फोन ठेवून घेतला.

तेव्हापासून लोक त्यांच्याकडे जुने फोन आणून टाकू लागले. कुणाची काच तडकलेली, कुणाच्या बॅटरीने राम म्हटलेला, कुणाला नवीन घ्यायचा म्हणून जुन्याचा कंटाळा आलेला. मामा त्यांना भंगार म्हणू देत नसत. "हा बिघडलेला नाही, नुसता रिकामा आहे," ते म्हणत. "याला काम द्या, बघा कसा सुधारतो." आणि खरोखरच ते एकेकाला कामाला लावत. समोरच्या सुताराला त्यांनी एक फोन दिला, तो लाकडावर ठेवला की फळी सरळ आहे की कललेली ते दाखवायचा. सुतार खूश, फक्त फळीसोबत त्या फोनलाही खिळा ठोकायची त्याला हुक्की येई. खालच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाईंच्या सासऱ्यांना दिसत कमी होतं. त्यांच्यासाठी मामांनी तारेचा स्टँड वाकवला, वर फोन बसवला, आणि खाली वर्तमानपत्र सरकवलं की बोटाएवढाली अक्षरं पडद्यावर दिसू लागली. आजोबांनी पहिल्याच दिवशी छोट्या जाहिरातींसकट सगळा पेपर वाचून काढला आणि संध्याकाळी तक्रार केली, की हल्लीच्या पेपरात काही दम नाही. शिंपिणीच्या पाळण्याशी एक फोन बाळाचं रडणं ऐकत बसे. न्हाव्याकडे एक गाणी लावे. प्रत्येक फोनच्या पाठीवर मामा पांढरी चिकटपट्टी लावून त्याचं काम लिहीत, जसं दुकानात ते घड्याळाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधत. ज्यांनी आपल्या पोटावर पाय दिला, त्यांनाच आपण राबवतो आहोत, यात त्यांना एक खास समाधान मिळे. ते समाधान ते लपवतही नसत.

मामांच्या भिंतीला भिंत लागून ताईचं घर. मधे एक वीट काय ती. ताई त्यांची थोरली बहीण. आई कामावर जायची तेव्हा हिनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं, आणि ते कडेवरून कधी उतरले हे बहुधा तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अख्खी गल्ली ज्यांना मामा म्हणे, त्यांना ती भर जिन्यात "बाळ्या, मफलर कुठाय?" असं विचारी. मामा चिडत. पण आपल्याला बाळ्या म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलंय, हेही त्यांना कळत होतं, आणि चिडून झालं की ते गुपचूप मफलर घालत.

अलीकडे ताई विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग नावं, मग आपण जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं. मामांनी ते ऐकलं आणि मुद्दामच लक्षात ठेवलं नाही. एकदा ती किल्ली आत ठेवून दार ओढून बाहेर पडली आणि जिन्यात बसून राहिली. एकदा गॅसवर दूध ठेवून झोपली. पातेलं कोळशासारखं झालं, धूर खाली गेला, आणि शिकवणीवाल्या बाईंनी घाबरून ताईच्या मुलाला फोन केला. त्यांचं काही चुकलं नाही. कुणीही केला असता.

भाचा दुसऱ्या शहरात राहायचा. त्याने त्याच दिवशी मामांना फोन केला. "मामा, आता मी आईला इकडे घेऊन येतो."

"अरे, मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. मागच्या वेळी ताई त्याच्याकडे राहायला गेली होती. नव्या घरात तिला कुठलं दार कुठे उघडतं ते समजेना. एका पहाटे सुनेला ती बोळकांडीत भिंत चाचपत उभी असलेली दिसली. "मला माझ्या घरी जायचंय गं," एवढंच म्हणत होती. सून गुणाची पोर. तिने सासूला मिठी मारली आणि दोघी तिथेच रडत बसल्या.

"आठवतंय मामा," भाचा म्हणाला, "पण रडली तरी जिवंत राहील. तिकडे एक दिवस आग लागली तर?"

ताई या घरातून गेली, तर तिला कळणारं शेवटचं ठिकाण जाईल, हे मामांना दिसत होतं. आणि खरं बोलायचं तर भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज नसलेलं आपलं घर त्यांना कल्पनेतसुद्धा नको होतं. "मला थोडे दिवस दे," ते म्हणाले. भाच्याने दिले. "मी महिनाअखेरच्या रविवारी येतो आणि डोळ्यांनी बघतो. पण घर धोक्याचं वाटलं, तर मी तुमचंही ऐकणार नाही हं."

मामा कामाला लागले. टेबलावरचे सगळ्यांत धड फोन त्यांनी निवडले. एक स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या फळीवर. ताई सकाळ-दुपार ठरल्या वेळी दूध तापवी, त्या वेळी तो बोलणार. याची बॅटरी पार गेलेली, म्हणून तो कायम वायरीला जोडून ठेवायचा. दुसरा गोळ्यांच्या डबीशी. तिसरा आतल्या बाजूने दाराजवळ. ताई दाराशी आली की त्याचा कॅमेरा तिचा चेहरा ओळखी आणि तो किल्लीची आठवण करी. पाठीवर चिकटपट्ट्या लागल्या: दूध, गोळी, दार. सगळ्यांत मामांनी स्वतःचा आवाज भरला, अगदी स्पष्ट, खणखणीत: "ताई, गॅस बंद कर!" "ताई, गोळी घे!" "ताई, किल्ली घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस!" सगळं बसवून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि स्वतःवरच खूश झाले.

आणि इथेच त्यांचं गणित चुकलं. आयुष्यभर ज्या बाईने बाळ्याचं एक ऐकलं नव्हतं, ती आता का म्हणून ऐकेल?

पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. "मोठी कोण रे, तू की मी? मला शिकवतोस?" मामा धावत गेले. ताई फळीवरच्या फोनशी कमरेवर हात ठेवून भांडत होती. मामा तिच्या मागेच उभे होते, पण भांडण फोनशी चाललेलं. दुपारपर्यंत तिने तो फोन भिंतीकडे तोंड करून ठेवला, खोडकर पोराला ठेवतात तसा. गोळीवाला टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात गेला. दारातला तर दोन दिवस सापडेना. तो पिठाच्या डब्यात निघाला, आणि बिचारा तिथूनही, पिठात नाकापर्यंत बुडालेला, दबक्या आवाजात हुकूम सोडत होता.

मामांनी आवाज चढवून बघितला. ताईने तिच्या बाजूने चढवला. मामांनी मग शिकवणीवाल्या बाईंच्या आवाजात भरून बघितलं, तर ताई दार उघडून "या ना, बसा," म्हणत जिन्यात वाट बघत उभी राहिली. रविवार जवळ येत चालला आणि मामांचं तोंड उतरत चाललं. घड्याळ बिघडलं तर कुठलं चाक अडलंय ते त्यांना ऐकूनच समजे. इथे काही केल्या ऐकू येईना.

एका दुपारी वायर जोडताना सोल्डरिंगची तापलेली सळई त्यांच्या बोटाला लागली. चांगलंच चरचरलं. ते बोट धरून सवयीनेच भिंतीपलीकडे गेले, लहानपणी जात तसे. ताई ओट्याशी होती, गॅसवर दूध होतं.

"ताई, भाजलं गं."

ताईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते हल्लीचं धुकं कुठल्या कुठे गेलं. "थांब, आधी हे बंद करते, आता दूध कोण बघत बसणार," म्हणत तिने गॅसची खुंटी फिरवली. बोट नळाखाली धरलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बरोबर मलम काढलं. "पंख्याखाली बसू नकोस, तुला लगेच सर्दी होते. आणि रडू नकोस." मामा रडत नव्हते. म्हणजे तोवर नव्हते. सकाळी जेवली की नाही ते न आठवणारी ही बाई, पण बाळ्याचं काही दुखलं खुपलं की तिला सगळं आठवत होतं. आपण तिला आठवण करून देत बसलो. तिच्याकडे काही मागितलंच नाही, हे मामांना तिथे नळाशी उभं असताना कळलं.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. काय बोलायचं ते ठरलं होतं, पण तोंडातून निघेना. उभ्या जन्मात मामांनी कुणाची वेळ चुकवली नव्हती. घड्याळ मंगळवारी देतो म्हटलं की मंगळवारीच मिळायचं. त्यांच्या स्मरणशक्तीवर न्हावी पैज लावत असे. अशा माणसाने स्वतःच्या आवाजात "मी विसरलो" म्हणायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर आलं. पहिल्यांदा भरलं ते गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं झालं. पुसलं. मग नाटकी झालं. तेही पुसलं. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःला कुलूपबंद दाराबाहेर उभा असलेला, शाळेतून लवकर सुटलेला पोरगा समजून बोलले. मग जमलं.

दुसऱ्या सकाळी ओट्यावरचा फोन बोलला, "ताई, कसला तरी जळका वास येतोय गं. मला भीती वाटते. बघ ना जरा."

मामा भिंतीला कान लावून उभे होते. पलीकडे भांडं वाजलं. मग ताईचा आवाज, "बघते रे बाळ्या. काही नाही, दूध आहे. केला बंद. घाबरू नकोस."

गोळीवाला म्हणे, "ताई, मी गोळी घेतली की नाही, आठवतच नाही. तू घेतलीस की सांग, म्हणजे मीही घेतो." आणि रोज भिंतीवर थाप पडे. "घेतली रे! आता तू घे!" दारातला म्हणे, "ताई, किल्ली घेऊन ये गं. मी बाहेर अडकलोय." मामांच्या घराची जादा किल्ली पूर्वीपासून ताईकडे असे. मामांनी दोन्ही घरांच्या किल्ल्या एकाच कडीत अडकवून दाराजवळच्या खिळ्याला टांगल्या. त्यामुळे बाळ्यासाठी किल्ली घेतली की तिची स्वतःची आपोआप बरोबर येई. एकही फोन पुन्हा पिठाच्या डब्यात गेला नाही. उलट ताई त्यांच्यावरची धूळ पदराने पुसू लागली.

याची किंमत मामांना गल्लीत मोजावी लागली. "आमच्या बाळ्याला हल्ली काही लक्षात राहत नाही हो," ताई भेटेल त्याला सांगे. "दिवसभर हाका मारतो." न्हावी दाढी करताना मामांशी मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलू लागला. सुताराने विचारलं, "मामा, घर सापडेल ना? सोडायला येऊ?" शिंपिणीने पाळण्याचा फोन दुरुस्तीला आणला होता, तो "राहू दे मामा, तुम्ही आराम करा," म्हणत परत नेला. हे मात्र त्यांना फार लागलं. ओठांवर आलेलं खरं कारण त्यांनी गिळलं. खरं सांगितलं, तर ते फिरून फिरून ताईच्या कानावर जाणारच.

रविवारी भाचा आला. हातात एक मोठी बॅग होती, आणि ती रिकामी होती. ती कशासाठी हे कुणी विचारलं नाही. त्याने घर बघितलं, नळ बघितले, खिडक्या बघितल्या, मग स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला. ताईने दूध तापत ठेवलं. मामा समोर बसले आणि फोन बोलायची वाट बघू लागले. भाच्याला आता कळेल, ते मनात म्हणत होते.

वेळ झाली. फोन बोलला नाही.

मामांनी फळीकडे बघितलं. भाच्याने फोनची वायर काढून तिथे स्वतःचा फोन चार्जिंगला लावला होता. त्याची चूक नव्हती. रिकामा, जुना फोन पडलाय असंच कुणालाही वाटलं असतं. ताई मुलाला सुनेची खुशाली विचारत होती. तिची ओट्याकडे पाठ होती. दूध पातेल्यात कडेकडेने फुगायला लागलं. मामा उठायला गेले, तर भाच्याने टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यालाही दूध दिसत होतं. त्याला बघायचंच होतं.

"आणि तिचा खोकला बरा झाला का?" ताई म्हणाली, आणि मधेच थांबली. मामांकडे बघितलं. "अगं बाई, याला आत्ता वास येईल आणि घाबरेल," म्हणत ती उठली आणि गॅस बंद केला. दूध काठाशी येऊन खाली बसलं. "लहानपणी एकदा स्टोव्ह भडकला होता ना, तेव्हापासून हा असाच आहे," तिने मुलाला समजावलं.

भाच्याने मामांच्या गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "आई, माझ्याकडे येशील राहायला?"

"आले असते रे. पण याला टाकून कशी येऊ? याच्या काही म्हणता काही लक्षात राहत नाही. गोळी विसरतो, किल्ली विसरतो. मी नसले तर हा जिन्यातच बसून राहील."

भाच्याने मामांकडे बघितलं. त्याला घड्याळाचे काटे वाचायला मामांनीच शिकवलं होतं, दुकानातल्या फळीवर बसवून. मामा काय विसरतात आणि काय नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"हो रे," मामा खाली बघत म्हणाले. "हल्ली होतं असं माझं."

निघताना दाराशी भाचा हळूच म्हणाला, "आजचं निभावलं मामा. पण रोज निभेल का? बॅग इथेच ठेवतो. तिचे कपडे हळूहळू भरा. पुढच्या खेपेला न्यायला येतो." त्याचं म्हणणं खोटं नव्हतंच. भाच्याने बॅग उंबऱ्याबाहेर भिंतीशी टेकवली आणि चार पायऱ्या उतरला. ताई त्याला निरोप द्यायला दाराशी आली. मामा तिच्या मागेच, घरात उभे होते.

दारातल्या फोनला ताई दिसली. "ताई, किल्ली घेऊन ये गं. मी बाहेर अडकलोय."

ताईचा चेहरा एकदम काळजीने भरला. "आले रे बाळ्या, थांब तिथंच!" म्हणत ती खिळ्याकडे वळली. आणखी थोडी वळली असती, तर बाळ्या तिला घरातच, हाताच्या अंतरावर उभा दिसला असता. बाहेर अडकलेला भाऊ आतही दिसला, तर ती कुणावर विश्वास ठेवणार होती? मामा अंग चोरून तिच्या पाठीमागून बाहेर सटकले, स्वतःचं उघडं दार ओढून घेतलं, कुलूप खट्कन लागलं, आणि सत्तरीचा तो माणूस बंद दाराशी खांदे पाडून उभा राहिला. स्वतःची किल्ली त्यांच्या खिशातच होती. ती वाजू नये म्हणून त्यांनी वरून हात दाबून धरला.

जिन्यातून भाचा बघत होता.

ताई लगबगीने आली. कडीतली बरोबर किल्ली तिने पहिल्या फटक्यात निवडली आणि दार उघडून दिलं. "किती वेळचा उभा आहेस रे? जा आत. मफलर पण नाही घातलास. मी किती दिवस पुरणार आहे तुला?"

"तू आलीस ना ताई," मामा म्हणाले. "आता भीती नाही वाटत." हे फोनमध्ये भरलेलं नव्हतं.

ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. भाचा चार पायऱ्या परत वर आला, भिंतीशी टेकवलेली रिकामी बॅग उचलली, आणि पावलांचा आवाज न करता खाली उतरून गेला.